मानशीच्या झडपा आणि व्हिडिओचं घड्याळ : प्रकल्प नोंदी

३ जून

मोठ्या भरतीचा रन, म्हणजे नदीच्या संगणकीय मॉडेलची एक फेरी, एकदाचा संपला. गोव्यात मांडवीच्या मुखापासून वर गांजेपर्यंत नदी, कुंभारजुवेचा कालवा आणि चोडणच्या बाजूचं एक खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन), त्याच्या बांधासकट नि मानशीसकट, सगळं एकाच मेशमध्ये, म्हणजे त्रिकोणी खणांच्या जाळीत, घेतलंय. नदीत त्रिकोण साधारण चाळीस मीटरचे, मानशीजवळ दोन-दोन मीटरचे, एकूण १ लाख ८० हजारांच्या आसपास.

मानस माहीत नसलेल्यांसाठी: बांधातलं पाण्याचं दार. लाकडी झडपा, बाहेर भरती चढली की दाबानेच मिटतात, आणि ओहोटीला नदी खाली गेली नि आतलं पाणी उंच राहिलं की आपसूक उघडतात. कोणी हात लावायचा नाही. पावसाळ्यात खाजनातलं मीठ पावसाने धुवून याच दारातून बाहेर जातं, मग कोरगूट (खारं सोसणारं भात) लावतात. म्हणून प्रश्न अगदी साधा आहे, एका ओहोटीत दार किती वेळ उघडं राहतं आणि तेवढ्या वेळात किती पाणी निघतं. दुसरं दार बसवायचं की नाही हे त्यावर ठरणार, त्यामुळे व्हिडिओ नुसता शोभेचा नाहीये, गावातले लोक त्यावरून निर्णय घेणारेत.

आता वेळेच्या पायऱ्यांचं. आमचा सॉल्व्हर (मॉडेलचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) सेमी-इम्प्लिसिट आहे, म्हणजे लाटेचा वेग पायरीला बांधून ठेवत नाही पण पाणी वाहायचा वेग ठेवतो: एका पायरीत पाण्याने एका खणाच्या ०.७ पटीपेक्षा जास्त पुढे जायचं नाही. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांची १९२८ची अट, तीच. दार उघडं असताना दोन मीटरच्या खणात पाणी सेकंदाला दोन मीटरने धावतं, तेव्हा पायरी ०.७ सेकंद. दार मिटलं की तिथलं पाणी जवळपास थांबतं, नदीतले खण मोठे, मग पायरी वाढत वाढत ३० सेकंदांच्या कमाल मर्यादेला टेकते. चाळीसपट फरक! आणि आउटपुट सेट आहे दर १०० पायऱ्यांनी एक. म्हणजे दार उघडं असताना दर ७० सेकंदांना एक फाइल आणि दार बंद असताना कधी कधी पाऊण तासाला एक.

४ जून

पॅराव्ह्यूने (मॉडेलचे निकाल चित्रांत दाखवणारं सॉफ्टवेअर) नेहमीच्या मोडमध्ये, म्हणजे साठवलेल्या प्रत्येक फाइलीला एक फ्रेम अशा मोडमध्ये व्हिडिओ काढून दिला. एका भरती-ओहोटीच्या चक्राच्या, म्हणजे १२ तास २५ मिनिटांच्या, पावणेदोनशे फ्रेम आल्या आणि त्यातल्या १६०च्या वर दार उघडं असतानाच्या. खऱ्या वेळेत दार उघडं साडेचार तास, म्हणजे चक्राच्या जेमतेम ३६ टक्के, पण व्हिडिओत ते ९० टक्क्यांहून जास्त वेळ उघडं दिसतं. भरती तर अर्ध्या सेकंदात येऊन जाते.

आकडे सगळे बरोबर, रंग बरोबर, पाण्याची पातळी बरोबर, आणि तरी बघणाऱ्याच्या डोक्यात जाणारी गोष्ट पूर्ण चुकीची. स्क्रीनवरचं घड्याळ पाण्याचं नाहीये, सॉल्व्हरच्या कष्टाचं आहे. जिथे गणित अवघड तिथे व्हिडिओ हळू चालतो, जिथे सोपं तिथे पळतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण टेबलात चूक असली तर कोणीतरी पकडतं, पण वेळ ताणलेला व्हिडिओ बघून कोणालाच शंका येत नाही, उलट लोक म्हणतात काय मस्त दिसतंय.

६ जून

शंका आली. गावातल्या बैठकीत मानस सांभाळणाऱ्या काकांना लॅपटॉपवर दाखवला, त्यांनी एकदा बघितला, परत लावायला सांगितला, आणि म्हणाले, "हें उदक पुराय दीस भायर व्हांवता कितें?" (हे पाणी पूर्ण दिवस बाहेर वाहतं काय?) त्यांना कूरांट नंबर सांगावा लागला नाही. मानशीवर जाळं लावायचं तर दार कधी उघडतं नि कधी मिटतं हे अंगात मुरलेलं असावं लागतं, वर्षाची पावणी (मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव) त्याच हिशोबावर घेतात.

९ जून

पर्याय एकेक करून बघितले.

सगळ्यात सोपा: चित्रं आहेत तीच ठेवायची, फक्त प्रत्येकाला तिच्या वाटणीचा वेळ द्यायचा. एफएफएमपेगला (चित्रांचा व्हिडिओ बनवणारं सॉफ्टवेअर) कॉनकॅट यादी, म्हणजे चित्रं ओळीने जोडायची यादी, देता येते, प्रत्येक चित्राखाली त्याचा कालावधी लिहायचा (शेवटचं चित्र यादीत दोनदा घालावं लागतं, नाहीतर त्याचा कालावधी धरला जात नाही, लक्षात ठेवा). एक चक्र एका मिनिटात दाखवायचं ठरवलं तर स्क्रीनच्या एका सेकंदाला पाण्याचे ७४५ सेकंद. मग ७० सेकंदवालं चित्र ०.०९ सेकंद दिसतं आणि पाऊण तासवालं साडेतीन सेकंदांहून जास्त. खरं आहे, प्रामाणिक आहे, पण भरती चालू असताना व्हिडिओ चार-चार सेकंद गोठतो आणि लोकांना वाटतं मोबाइल अडकला. शिवाय असा कमी-जास्त फ्रेमरेटचा व्हिडिओ कोणी फोनवर फॉरवर्ड केला की मधलं ॲप तो परत एनकोड करतं आणि मग वेळा शाबूत राहतीलच असं नाही. गिफ तर नकोच, त्यात वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि दोन शतांशांपेक्षा कमी दिलं तर बरेच ब्राउझर ते दहा शतांश धरतात, म्हणजे सगळ्यात वेगवान भाग सगळ्यात हळू होतो. आपला मूळ रोगच परत.

दुसरा: समान अंतराचं नवं घड्याळ आखायचं आणि प्रत्येक फ्रेमला त्या क्षणाच्या आधीची शेवटची फाइल दाखवायची. पॅराव्ह्यूच्या सीक्वेन्स मोडमध्ये फ्रेमची संख्या दिली की हेच होतं. गोठणं तसंच राहतं, पण निदान फ्रेमरेट एकसारखा असल्याने व्हिडिओ कुठेही मोडत नाही.

तिसरा: दोन फाइलींच्या मधल्या क्षणासाठी दोन्हींमधून सरळ रेषेने किंमत काढायची. पॅराव्ह्यूत टेम्पोरल इंटरपोलेटर फिल्टर आहे, मेश दोन्ही वेळांना तीच असेल तर चालतो, आमची तीच आहे. पण मला कुठली गोष्ट इंटरपोलेट होतेय आणि कुठली नाही यावर स्वतःचा ताबा हवाय म्हणून हे पायथनमध्ये करणार. २५ फ्रेमच्या हिशोबाने एका मिनिटात १५०० फ्रेम, दोन फ्रेममध्ये पाण्याचे साधारण ३० सेकंद. प्रत्येक फ्रेमच्या वेळेसाठी नमपाय लायब्ररीतलं सर्चसॉर्टेड फंक्शन लावून आधीची आणि नंतरची फाइल शोधायची, अंतराच्या प्रमाणात दोघींना वजन द्यायचं. कोड पंधरा-वीस ओळींचा, विचार त्याहून जास्त.

१० जून

पाऊण तासाच्या दोन टोकांमध्ये सरळ रेष ओढली तर पातळीत चूक किती? हे कागदावरच निघतं, मेशची गरज नाही. भरती साइन वक्र धरा, मध्यापासून वर-खाली एक मीटर. पाऊण तासाच्या थोडं वर, ४७ मिनिटं धरली, तर वक्र ०.४ रेडियन पुढे सरकतो, आणि सरळ रेषेची जास्तीत जास्त चूक त्याच्या वर्गाच्या एक-अष्टमांश, म्हणजे साधारण २ सेंटीमीटर. मांडवीच्या मुखाशी मोठ्या भरतीचा फरक २.३ मीटरच्या आसपास असतो, त्यात दोन सेंटीमीटर रंगपट्टीवर दिसणारही नाहीत. पातळीसाठी सरळ रेष चालेल.

प्रवाहाच्या बाणांसाठी वेग आणि दिशा वेगवेगळी इंटरपोलेट करायची नाही. ३५० अंश आणि १० अंश यांची सरासरी १८० येते, म्हणजे समुद्राकडे जाणारं पाणी मध्येच एक फ्रेम डोंगराकडे तोंड करतं. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक वेगळे घ्यायचे, त्यांना सरळ रेष लावायची, मग बाण काढायचा. भरती उलटताना बाण लहान होत होत शून्यातून जातो, आणि पाणीही तसंच वागतं.

खाजनात ओलं-कोरडं सांभाळायचं. कोरड्या खणात मॉडेल पातळी म्हणून जमिनीची उंची लिहितं, म्हणून पातळी इंटरपोलेट केली तर नुसत्या चिखलावर पाण्याची खोटी उतरण दिसते. खोली इंटरपोलेट करायची, आणि पाच सेंटीमीटरच्या खाली आली की तो खण रंगवायचा नाही.

रंगपट्टी सगळ्या फ्रेमना एकच. हे लिहायची गरज पडू नये पण पडते.

१४ जून

नवी भानगड. काल पावसात वीज गेली, रन बंद पडला, तो चेकपॉइंटपासून (मध्येच साठवून ठेवलेल्या स्थितीपासून) परत सुरू केला, त्यामुळे काही वेळांच्या फाइली दोनदा आल्यात आणि त्यांच्या वेळा तंतोतंत जुळतही नाहीत. सर्चसॉर्टेडला चढत्या क्रमाची यादी लागते, नाहीतर तो गपचूप कुठलीतरी फाइल उचलतो, एरर देत नाही. आता फाइली वाचताना आधी रीस्टार्टची वेळ बघायची, जुन्या रनमधलं त्या वेळेपासून पुढचं सगळं टाकायचं, मग जोडायचं, आणि शेवटी प्रत्येक वेळ आधीच्यापेक्षा मोठी आहे का ते तपासायचं, नसेल तर प्रोग्रॅमने तिथेच थांबायचं.

हे तपासताना आणखी एक सापडलं, ते वेगळं लिहून ठेवतो कारण कोणालाही नडू शकतं. जोडणाऱ्या स्क्रिप्टमध्ये वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत होती आणि ३२ बिट फ्लोटमध्ये साठवलेली. आजची तारीख त्या हिशोबात १७० कोटी सेकंदांच्या पलीकडे, आणि एवढ्या मोठ्या संख्येला ३२ बिट फ्लोटमध्ये शेजारची संख्या १२८ सेकंद दूर असते. आमच्या फाइली ७० सेकंदांच्या अंतरावर! म्हणजे नेमकं जिथे बारीक पायऱ्या आहेत, दार उघडं असताना, तिथेच दोन फाइलींची वेळ एकच येत होती आणि इंटरपोलेशनमध्ये शून्याने भागाकार. फाइली समान अंतराच्या असत्या, दहा मिनिटांच्या समजा, तर हे कधी लक्षातच आलं नसतं. वेळ ६४ बिटमध्ये, आणि शून्य रन सुरू झाल्याच्या क्षणी. झालं.

१८ जून

खारटपणाचा व्हिडिओ बघितला आणि मन खट्टू झालं. पातळी सुंदर आली, बाण सुंदर, पण खारट पाण्याची कड भुतासारखी वागते. भरती चढताना नदीत कड एका ठिकाणी फिकी होत जाते आणि सव्वादोन किलोमीटर वर दुसरी कड हळूहळू उगवते, मधून काहीच जात नाही. कारण उघड आहे: सेकंदाला ०.८ मीटरने ४७ मिनिटांत कड तेवढीच पुढे गेलेली असते, आणि सरळ रेषेचं इंटरपोलेशन कडेला सरकवत नाही, ते एक चित्र विझवून दुसरं पेटवतं. पातळी नदीभर सौम्य असते म्हणून तिथे चाललं, खारटपणाला धार आहे म्हणून इथे नाही चाललं.

ऑफिसातल्या एकाचं म्हणणं होतं की मॉडेलचाच प्रवाह वापरून खारटपणा मधल्या वेळेत पुढे ढकलू, दिसायला एकदम छान होईल. होईल, पण मग ते मॉडेलचं उत्तर राहत नाही, आपण दुसरं छोटं मॉडेल लिहून त्याचं चित्र पहिल्याच्या नावावर दाखवतो. बराच वाद झाला, शेवटी त्यालाही पटलं. जे साठवलंच नाही ते दाखवायचं असेल तर परत चालवून साठवायचं. खारटपणाचा व्हिडिओ नव्या रनपर्यंत कोणाला द्यायचा नाही.

२२ जून

दाराचं वेगळं. एक मिनिटाच्या व्हिडिओत झडपा उघडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं ०.८ सेकंदात संपतात आणि सगळ्यांना बघायचं असतं तेच, आतलं पाणी कसं सुटतं, पोंयेतला (मानशीच्या आतल्या खोल पाणसाठ्यातला) गाळ कुठून ढवळतो. गंमत अशी की पॅराव्ह्यूच्या पहिल्या व्हिडिओत हा भाग हळू दिसत होता आणि तो भाग लोकांना आवडलाही होता. म्हणजे हळू दाखवायला काहीच हरकत नाही, फक्त ते आपण ठरवून करायचं आणि बघणाऱ्याला सांगून करायचं.

म्हणून स्क्रीनची वेळ आणि पाण्याची वेळ यांच्यात एक फंक्शन घातलं. बाकी सगळीकडे ७४५ पट वेग, दार उघडल्यापासून दहा मिनिटं त्याच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ती दहा मिनिटं आठ सेकंद चालतात. फंक्शन कधी मागे जायचं नाही आणि वेग झटक्यात बदलायचा नाही, दोन्ही टोकांना सेकंदभरात हळूहळू बदलतो, नाहीतर डोळ्याला वाटतं पाण्यालाच धक्का बसला. हळू भागात स्क्रीनवर ठळक "वेग दहापट कमी" असं येतं आणि कडेला पिवळी पट्टी.

खाली भरतीचा आलेख टाकलाय, त्यावर एक ठिपका चालतो. मला वाटतं पूर्ण व्हिडिओत सगळ्यात कामाची गोष्ट हीच. घड्याळाचे आकडे कोणी वाचत नाही, पण ठिपका आलेखावर एकसारखा चालला की वेळ सरळ चाललाय हे पोरालाही कळतं, आणि हळू झाला की तेही दिसतं. घड्याळ भारतीय वेळेत. मॉडेल यूटीसीत चालतं, आणि साडेपाच तास पुढे-मागे झाले तर भरतीच्या जागी ओहोटी दाखवली जाईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मुरगावच्या भरती कोष्टकाशी आलेखाची शिखरं जुळवून बघितली, वेळा बरोबर बसतात.

आणि एक चक्र पुरेसं नाही. आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, दोन ओहोट्याही नाहीत, एकदा दार जास्त वेळ उघडं राहतं, एकदा कमी. एकच दाखवली तर कुठली दाखवली यावरून भांडण. पूर्ण २४ तास ५० मिनिटं दाखवायची, व्हिडिओ सव्वादोन मिनिटांच्या थोडा वर गेला तरी चालेल.

२७ जून

नवा व्हिडिओ, फक्त पातळी आणि बाण, घेऊन गेलो. रायबंदरहून फेरीने पलीकडे, पाऊस धो धो, मानशीजवळच्या शेडमध्ये दहा-बारा जण. या वेळी काकांनी बघता बघता ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, दार मिटतं ते तुमचं लवकर मिटतं. खरं दार मिटायच्या आधी पाणी जरा थांबून राहतं, झडपा हलतात पण बसत नाहीत, जाळं तेव्हा उचलायचं असतं. किती वेळ थांबतं विचारल्यावर बाकीचेही बोलायला लागले, कोणी पंधरा मिनिटं म्हणे, कोणी वीस, त्यावरून त्यांचीच जुंपली.

मला मनापासून आनंद झाला. पहिल्या व्हिडिओवर असं कोणी बोलूच शकत नव्हतं, त्यात दहा-वीस मिनिटं ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. मॉडेलमध्ये बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा एक मिलिमीटर वर गेलं की दार बंद, लाकडाचं वजन नाही, बिजागरीचं घासणं नाही. हे आता मोजता येईल. येत्या अमावास्येच्या मोठ्या भरतीला एक कॅमेरा झडपेवर लावायचा, दर दहा सेकंदांना फोटो, आणि आत-बाहेर दोन पट्ट्या पातळीसाठी. उंबऱ्याची उंचीही परत घ्यायची, काका म्हणतात दुरुस्तीत दोन फळ्या वाढल्यात.

२ जुलै

पुढच्या रनचं आउटपुट आज ठरवलं. पूर्ण पंधरवडा, मोठ्या भरतीपासून परत मोठ्या भरतीपर्यंत, १४.७७ दिवस. दर मिनिटाला साठवलं तर २१ हजारांवर फाइली, एकेक २.९ एमबी, ६० जीबीच्या वर जातं, आणि त्यातल्या बहुतेक फाइलींमध्ये काही घडतच नाही. दर १०० पायऱ्यांनी साठवणं बंद. आता घड्याळाने दर पाच मिनिटांना एक, सॉल्व्हर त्या क्षणावर बरोबर उतरायला आधीची पायरी थोडी कापतो, त्याने वेळ फारसा वाढत नाही. पाच मिनिटांत खारटपणाची कड २४० मीटर सरकते, म्हणजे सहा खण, आणि कड मेशमध्ये तेवढी पसरलेलीच असते, म्हणून भूत दिसू नये. वर झडपेची स्थिती बदलली की पुढची १५ मिनिटं दर २० सेकंदांना एक, उघडतानाही आणि मिटतानाही, आता मिटण्याचाच प्रश्न आलाय म्हणून. सगळं मिळून साधारण २० जीबी.

फाइली परत असमानच असणार, पण यावेळी पाण्यात काय चाललंय त्याप्रमाणे असमान. व्हिडिओच्या कोडला त्याने फरक पडत नाही, त्याला फक्त चढत्या वेळा हव्यात. झडपेचं नवं वजन नि घासणं कॅमेऱ्याची मोजमापं आल्यावर घालायचं, तोवर रन रांगेत. यूपीएसची बॅटरी बदलून घेतली.